सात क्रॉसचं जंगल

बंगळूरच्या मल्लेश्वरम भागात, पंधराव्या क्रॉसवर राहणाऱ्या एका मराठी कुटुंबात शनिवारची दुपार म्हणजे पुस्तक बदलण्याची वेळ. सातवीतली मुलगी जेवण उरकते, कापडी पिशवी खांद्याला लावून दारात उभी राहते आणि घरातलं कुणीतरी तिला आठव्या क्रॉसजवळच्या वाचनालयात घेऊन जातं. कधी बाबा, कधी आई, कधी कॉलेजला जाणारा दादा. त्या शनिवारी मात्र कुणालाच सवड नव्हती. बाबा पुण्याला गेले होते, दादाची परीक्षा होती आणि आईला लॅपटॉपसमोरून उठता येत नव्हतं.

‘‘मी एकटी जाऊन येते,’’ मुलगी म्हणाली.

‘‘एकटी नाही जायचं. उद्या बघू.’’

‘‘उद्या वाचनालय बंद असतं.’’

‘‘मग पुढच्या शनिवारी.’’

मुलीने पिशवी खाली ठेवली. आतून एक जाडजूड पुस्तक काढलं. मुखपृष्ठावर तिच्याच वयाची एक मुलगी तलवार उगारून उभी होती. ते पुस्तक आईसमोर धरून तिने अगदी शांतपणे विचारलं, ‘‘मग मला असली पुस्तकं कशाला आणून देता?’’

आई गप्प झाली. पलीकडे कोथिंबीर निवडत बसलेल्या आजीचेही हात थांबले.

प्रश्न त्या एका घराचा नाही. आज मुलींसाठी पुस्तकं निवडताना सुशिक्षित आई-वडील फार चोखंदळ असतात. राजपुत्राची वाट बघत रडत बसलेली राजकन्या त्यांना नको असते. नायिका कशी हवी? संकटातून स्वतः वाट काढणारी, प्रसंगी चार हात करणारी. अशा अद्भुतकथा इंग्रजीत पुष्कळ आहेत आणि या घरातल्या कपाटात त्यांची रांगच लागलेली आहे. फिलिप पुलमन यांची १९९५ साली आलेली लायरा आहे, जी उत्तर ध्रुवाकडच्या बर्फात अस्वलांच्या राज्यात जाऊन पोचते. टमोरा पिअर्स यांची १९८३ सालची अलाना आहे. मुलींना सरदार होता येत नाही, म्हणून ती मुलाचा वेष घेऊन शिकायला जाते. मॅडलिन लेंगल यांची १९६२ सालची मेग आहे. चष्मा लावणारी, शाळेत न रमणारी ही मुलगी हरवलेल्या वडिलांना शोधायला परग्रहावर जाते. हॅरी पॉटरची हुशार मैत्रीण हर्मायनी आहे. आणि रोशनी चोक्षी यांची २०१८ सालची आरू शाह आहे. अमेरिकेत वाढलेली ही भारतीय वंशाची मुलगी म्हणजे पुन्हा जन्माला आलेला पांडव!

या आजी मूळच्या खानापूरच्या. आजोबा गेल्यावर दोन वर्षांपूर्वी त्या मुलाकडे बंगळूरला राहायला आल्या. बेळगाव जिल्ह्यातल्या असल्यामुळे त्यांना कानडी उत्तम येतं, त्यामुळे संपिगे रोडवरच्या फुलवाल्यांशी त्यांची पहिल्याच आठवड्यात ओळख झाली. नात काय वाचते ते कळावं म्हणून पॉटरचा पहिला भाग, मराठीत ‘हॅरी पॉटर आणि परीस’ या नावाने आलेला, त्यांनी चष्मा पुसत पुसत पंधरा दिवसांत संपवला. बाकीच्या गोष्टी नात रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या सांगू लागली. तिचं मराठी अडखळायचं. ती ‘स्पेल’ म्हणायची, आजी ‘मंत्र’ म्हणायच्या. महिनाभरात नातही मंत्र म्हणू लागली. आरू शाह ही इंद्राची लेक आणि तिची मैत्रीण यमधर्माची लेक, हे ऐकून आजी खूश झाल्या होत्या. ‘‘पांडवांनी एकदा बायकांचा जन्म घ्यायलाच हवा होता,’’ त्या म्हणाल्या. ‘‘द्रौपदीला तेवढंच बरं वाटलं असतं.’’

त्या शनिवारी रात्री मात्र नातीने गोष्ट सांगितली नाही. कूस बदलून पडून राहिली. तेव्हा आजींनीच विचारलं, ‘‘काय गं, या तुझ्या सगळ्या शूर पोरींच्या आया असतात कुठे?’’

नात उठून बसली. हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. ती बोटं मोजू लागली. लायराला आपण अनाथ आहोत असंच वाटत असतं, ती वाढते कॉलेजातल्या प्राध्यापकांच्या देखरेखीखाली. फ्रँक बॉम यांच्या १९०० सालच्या गोष्टीतली, ऑझच्या जादूनगरीत जाऊन पडलेली डोरोथी अनाथच, काका-काकूंकडे राहणारी. नार्नियातली ल्यूसी भावंडांबरोबर एका प्रोफेसरांच्या घरी, कारण महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत होते. हर्मायनीचे आई-बाबा दातांचे डॉक्टर, पण सगळी गोष्ट घडते ती वसतिगृहाच्या शाळेत. मेगची आई पृथ्वीवर, मेग भलत्याच ग्रहावर. आणि आरू शाहची आई तर गोष्टीच्या सुरुवातीलाच जागच्या जागी गोठून जाते! अगदी १८६५ सालची आलिस घेतली, तरी तीही ताईचं डोकं पुस्तकात असतानाच सशामागे बिळात शिरते.

‘‘म्हणजे मोठी माणसं जवळ नसली की पोरी शूर होतात,’’ आजी म्हणाल्या. ‘‘आणि असली की?’’

‘‘असली की पिशवी खाली ठेवतात,’’ नात म्हणाली.

यात लेखकांची अडचणही समजण्यासारखी आहे. लहान मुलीच्या हातून पराक्रम घडवायचा, तर ‘जाऊ नकोस’ म्हणणारं माणूस आधी गोष्टीतून बाजूला काढावं लागतं. मग कुणी आई-वडिलांना मारतं, कुणी हरवतं, कुणी गोठवतं. मुलग्यांच्या गोष्टींतही हे होतं, हॅरी पॉटर स्वतः अनाथच आहे. पण मुलग्याला एवढ्या खटाटोपाची गरज नेहमीच पडत नाही. आपल्या भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे बघा. त्याचे आई-वडील फुरसुंगीला सुखरूप आहेत, तो पुण्यात शिकतो आणि सायकलवर टांग मारून गावभर हिंडतो. एकटा कसा गेलास, म्हणून त्याला कुणी घरात कोंडून ठेवत नाही. याच भागवतांनी आलिसला मराठी रूप दिलं ते ‘जाईची नवलकहाणी’ या नावाने. मूळ गोष्टीतली आलिस शेवटी जागी होते आणि सगळं स्वप्न होतं असं कळतं. मुलगा खऱ्याखुऱ्या पुण्यात सायकलवर, मुलगी मात्र स्वप्नात! भागवतांचा यात काही दोष नाही. जग तसंच होतं.

स्वप्नाचा आधार घेणाऱ्या आणखी एका लेखिकेची इथे आठवण होते. रुकैया सखावत हुसेन या बंगाली लेखिकेची ‘सुलतानाज ड्रीम’ ही इंग्रजी कथा १९०५ साली मद्रासच्या ‘इंडियन लेडीज मॅगझिन’मध्ये छापून आली. तिच्यातल्या देशात पुरुष पडद्याआड आणि बायका राज्यकारभारात. तिथे सूर्याची उष्णता साठवून कामं होतात, हवेतून वाहनं जातात. पण कथेतलं पहिलं आश्चर्य ही वाहनं नव्हेतच. पडद्यात वाढलेली एक बाई भर दिवसा रस्त्यावरून चालते आहे, हेच पहिलं आश्चर्य. स्वप्नातसुद्धा ती संकोचते, बिचकते. बरोबरची मैत्रीण तिला सांगते की इथे भ्यायचं कारण नाही. त्या कथेला आता एकशेवीस वर्षं झाली. आपल्या मुली विमान चालवतात, आणि शनिवारी दुपारी वाचनालयात एकट्या जाता येईल का, म्हणून दारात उभ्या राहतात.

मग आपल्या जुन्या मराठी गोष्टींत ताकदवान बाई नव्हतीच का? होती, पण बहुतेक वेळा ती चेटकीण असायची. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’ नाटकातली चिंची चेटकीण कितीतरी मुलांच्या मनात घर करून बसली. आधी दिलीप प्रभावळकरांनी आणि २०१८ साली नव्या संचात वैभव मांगले यांनी ती भूमिका रंगवली. म्हणजे नाटकातली सगळ्यांत जबरदस्त बाई, तीही खलनायिका, आणि साकारली ती पुरुषांनी!

‘‘तरी आपल्याकडे एक होती बरं,’’ आजी त्या रात्री म्हणाल्या. ‘‘भोपळ्यातली म्हातारी.’’

नातीने ही गोष्ट बालवाडीत ऐकली होती आणि विसरूनही गेली होती. आजींनी ती पुन्हा सांगितली. लेकीला भेटायला निघालेली म्हातारी. वाटेत जंगल, जंगलात लांडगा आणि वाघ. हातात तलवार नाही, जवळ मंत्र नाही, अंगात बळ नाही. आहे ती फक्त जीभ आणि डोकं. जाताना ती जनावरांना बोलण्यात गुंतवते, लेकीकडे खाऊन-पिऊन गुबगुबीत होते आणि परतताना भोपळ्यात बसून सगळ्यांच्या समोरून निसटते.

‘‘तिला कुणी अडवलं नाही?’’ नातीने विचारलं.

‘‘कोण अडवणार? म्हाताऱ्या बाईला कुणी विचारत नाही. आमच्याकडे बाईला एकटीने जंगलातून जायला मिळायचं ते केस पिकल्यावर.’’

दुसऱ्या दिवशी रविवार. संध्याकाळी गॅलरीत बसून आजी फुलं ओवत होत्या. मल्लेश्वरमच्या दोन मोठ्या रस्त्यांची नावं झाडांवरून पडलेली आहेत. मार्गोसा म्हणजे कडुनिंब आणि संपिगे म्हणजे चाफा. खानापूरला लहानपणी शेजारच्या कानडी बाईंकडून ऐकलेली एक गोष्ट आजींना त्यावरून आठवली. कर्नाटकात ती अनेक ठिकाणी सांगितली जाते. कधीकाळी बेळगावला प्राध्यापकी केलेले आणि पुढे शिकागोला गेलेले ए. के. रामानुजन यांनी ती इंग्रजीत नेली. त्यांच्या निधनानंतर १९९७ साली निघालेल्या लोककथांच्या पुस्तकाला तिचंच नाव आहे. गिरीश कर्नाडांनी तिच्यावर १९९२ साली ‘चेलुवी’ हा चित्रपट काढला, त्यात आपली सोनाली कुलकर्णी होती. २००६ साली तर व्हिएन्नाला तिच्यावर ऑपेरा झाला.

गोष्ट अशी. एका गरीब बाईला दोन मुली. आई राब राब राबते, ते बघवत नाही म्हणून धाकटी ठरवते की आपण झाड व्हायचं. दोन घागरी पाण्याच्या. एक ओतली की तिचं फुलांनी डवरलेलं झाड होतं, दुसरी ओतली की पुन्हा मुलगी. अट एकच. पाणी जपून ओतायचं आणि फुलं अलगद खुडायची, फांदी मोडायची नाही. थोरली बहीण तसंच करते. फुलं विकून घर चालतं. पुढे राजपुत्राशी लग्न होतं. पण त्याची धाकटी बहीण हट्टाने वहिनीला बागेत झाड व्हायला लावते. मैत्रिणींसह फांद्या ओरबाडते, दुसरी घागर कशीतरी शिंपडते आणि निघून जाते. ना धड झाड, ना धड बाई, असं एक तुटकं शरीर मागे उरतं. ते रस्तोरस्ती फिरतं. शेवटी नवऱ्याची गाठ पडते. त्याच्या हाताने पुन्हा पाणी पडतं, मोडलेल्या फांद्या जागच्या जागी बसवल्या जातात आणि ती पूर्ववत होते.

नात बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘‘म्हणजे ती झाड झाली, ही तिची चूक नव्हती ना? नणंदेने पाणी नीट घातलं नाही, ही चूक होती.’’

‘‘अगदी बरोबर,’’ आजी म्हणाल्या.

आत ओट्याशी उभ्या असलेल्या आईने हे ऐकलं. तिची भीती उगाच नव्हती. शहराची रहदारी, उखडलेले फूटपाथ, सकाळच्या वर्तमानपत्रातल्या बातम्या. शिवाय कॉलेजात असताना गर्दीच्या बसमध्ये काय काय सोसलं, ते तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. त्या वेळी तिने बस बदलली होती, वेळ बदलली होती, पोशाख बदलला होता. चूक आपलीच असावी, असं कुठेतरी मनात धरून. बारा वर्षांच्या मुलीने तिचा तो हिशेब एका वाक्यात दुरुस्त केला होता.

रात्री जेवणं झाल्यावर सासू-सुना दोघीच स्वयंपाकघरात होत्या. आजींनी पहिल्यांदाच एक गोष्ट सांगितली. त्या १९६९ साली मॅट्रिक झाल्या. गणितात शाळेत पहिल्या. पुढचं कॉलेज बेळगावला. खानापूरहून बेळगाव पंचवीस-सव्वीस किलोमीटर, गाडी थेट. पण रोज एकटीने जायचं कसं, यावर घरात आठ दिवस चर्चा झाली आणि नाव घातलंच नाही. वर्षभरात लग्न झालं.

‘‘वाईट कुणीच नव्हतं गं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘वडिलांचा फार जीव होता माझ्यावर. त्या मायेपायीच घरी ठेवलं मला.’’

‘‘आई, तुम्ही कधी बोलला नाहीत हे.’’

‘‘आता बोलले.’’

सुनेने ओटा पुसता पुसता थोरल्या मुलाचा विचार केला. तो अकरा वर्षांचा होता तेव्हा अठराव्या क्रॉसच्या मैदानावर क्रिकेट खेळायला एकटा जायचा. तेव्हाही हाच रस्ता होता, हीच रहदारी. त्याला पाठवताना आपण आठ दिवस चर्चा केली होती का? केली नव्हती. ‘पाण्याची बाटली घे’ एवढंच म्हटलं होतं.

मुलीच्या कपाटातल्या पुस्तकांनी चुकीचं काही शिकवलेलं नाही. नीट पाहिलं तर त्या नायिकांची ताकद तलवारीत फारशी नसतेच. हर्मायनीचं खरं शस्त्र तिचं वाचन. मेग शेवटी जिंकते ती धाकट्या भावावरच्या मायेने. पण ही ताकद त्यांना आपल्यात आहे हे कळतं, ते घराबाहेर पाऊल पडल्यावर. गोष्टीत त्यासाठी आई-बापांना मरावं लागतं, हरवावं लागतं. खऱ्या घरात एवढं करायची गरज नाही. दोन पावलं मागे सरकलं तरी भागतं. मात्र मागे सरकणं म्हणजे पाठ फिरवणं नव्हे. त्या झाड होणाऱ्या मुलीला थोरल्या बहिणीचा हात होता, म्हणून ती निर्धास्तपणे फुलली. घागर कुणाच्या हातात आहे आणि पाणी किती जपून ओतलं जातं, यावरच सारं असतं.

या घराने घागर जपून ओतायचं ठरवलं. पुढच्या शनिवारी आजी आणि नात मिळून निघाल्या, पण पुढे नात, मागे आजी. रस्ता कुठे ओलांडायचा ते नातीने ठरवायचं. अडचण आली तर कुठल्या दोन दुकानांत शिरायचं, ते नक्की झालं. घरचे फोन नंबर पाठ झाले. वाट विचारायची वेळ आली तर ‘हदिनैदने क्रॉस एल्लिदे?’ हे कानडी वाक्य आजींनी दहादा म्हणवून घेतलं. पंधरावा क्रॉस कुठे आहे, एवढाच त्याचा अर्थ, पण मराठी जिभेला ते मंत्रापेक्षा अवघड. कुणी अंगचटीला आलं तर लाजायचं नाही, मोठ्याने ओरडायचं, हे आईने स्वतः सांगितलं. हे सांगताना तिचा आवाज जरा कापला. त्याच्या पुढच्या शनिवारी आजी बाराव्या क्रॉसवर थांबल्या. आणि तिसऱ्या शनिवारी नात एकटी निघाली.

वाचनालयात जाऊन यायला पाऊण तास पुरेसा होता. पाऊण तास झाला. तासही झाला. आई गॅलरीत उभी होती. बाबा तिसऱ्यांदा घड्याळाकडे बघून ‘येईल, येईल’ म्हणाले आणि चपला शोधू लागले. आजी जप करत असल्यासारख्या डोळे मिटून बसल्या होत्या, पण ओठ हलत नव्हते.

सव्वा तासाने मुलगी कोपऱ्यावर दिसली. घामाने डबडबलेली. एका हातात पिशवी, दुसऱ्यात पिवळ्या चाफ्याचं एक फूल. वर येऊन तिने सगळं खरं सांगितलं. नवं पुस्तक इतकं छान होतं, की तिने ते चालता चालताच उघडलं. मान वर केली तेव्हा भलत्याच गल्लीत उभी होती. मग एका फुलवालीला ते अवघड वाक्य म्हणून दाखवलं. फुलवाली आधी हसली, मग ‘तू त्या खानापूरच्या अज्जींची नात ना?’ म्हणाली. वाट दाखवली आणि फूल दिलं.

‘‘घाबरलीस?’’ आईने विचारलं.

‘‘हो. खूप.’’

‘मी सांगत होते ना’ हे चार शब्द आईच्या अगदी ओठांवर आले होते. तिने ते गिळले. ‘‘चालताना वाचायचं नाही,’’ एवढंच म्हणाली आणि पाण्याचा तांब्या पुढे केला.

आजींनी फूल केसांत खोवलं. त्यानंतरच्या शनिवारी जेवणं झाल्यावर मुलगी दाराकडे निघाली, तेव्हा कापडी पिशवी तिला शोधावी लागली नाही. आईच ती हातात घेऊन उभी होती.